उथळ कोरलेलं नाव

५ जून

प्रिय ताई,

तुझ्या नावाचा अर्थ काय आणि ते आलं कुठून? तुझ्या पत्रात एवढा एकच प्रश्न आहे आणि मला त्याचं उत्तर येत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या बाळांच्या नावांचे अर्थ लिहिते, त्याचा पगार घेते, आणि सख्ख्या बहिणीच्या नावाशी येऊन अडले. परवा ऑफिसातले सगळे शब्दकोश खाली काढले आणि शिंका देत देत शोधलं. त्याच्या आसपास जाणारा शब्दसुद्धा सापडला नाही.

बाबा म्हणायचे, "जिच्या येण्याने काळोख्या घरात उजेड होतो, ती." तू ही ओळ पाढ्यासारखी म्हणायचीस, आठवतं? आणि मला चिडवायचीस की तुझ्या नावाने हाक मारली तर निम्मी गल्ली 'ओ' देईल, माझं मात्र एकटीचं. मी आईकडे जाऊन भोकाड पसरायचे की मलाच का असलं चारचौघींसारखं नाव. पण बाबा पाथरवट. दगड फोडणाऱ्या माणसाला ही ओळ मिळाली कुठून, कुठल्या भाषेतून, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आता विचारायला ते नाहीत.

माझं ऑफिस कसलं ते तुला नीट सांगितलंच नव्हतं. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. खाली यंत्र सुरू झालं की माझ्या टेबलावरचा चहा थरथरतो. आईबाप येतात, बहुतेक दमलेले, आणि म्हणतात, जगात दुसऱ्या कुणाचं नसेल असं नाव द्या. मालक डोळे मिटून ओठ हलवतात, अक्षरं तोंडात घोळवून बघतात, आणि नाव तयार. मग माझ्याकडे वळून विचारतात, "अर्थ काय ठेवूया?" जसं काही पडद्याचा रंग विचारतायत. तो अर्थ मी लिहायचा, की खालून सोनेरी कडेचं जाड कार्ड छापून येतं. वर नाव, मध्ये मूळ, खाली अर्थ. लोक ते फ्रेम करून भिंतीवर लावतात.

गेल्या आठवड्यात त्यांनी 'ओरीना' असं एक नाव काढलं आणि सांगितलं, लिही, जुन्या सागरी भाषेत लाटेवरचा प्रकाश. मी विचारलं, कुठली सागरी भाषा? ते म्हणाले, "जुनी. बोलणारे सगळे बुडाले असतील." सगळं ऑफिस हसलं. मला नाही हसू आलं. ती मुलगी म्हातारी होईपर्यंत सगळ्यांना हेच सांगत राहील. घरातली पहिली पदवी मी असली कार्डं लिहायला घेतली का?

पण तुला हे एकदम कशाला हवंय? पाय अजून सुजतात का?

तुझी,
ठमी


१२ जून

प्रिय ठमे,

पाय इतके सुजलेत की घरात तुझ्या भावोजींच्या चपला घालून फिरते. फटक फटक आवाज होतो, त्यावरून मी कुठे आहे ते सासूबाईंना बसल्या जागी कळतं. त्यांची सोय झाली.

कशाला हवंय म्हणतेस, तर ऐक. लग्न झाल्यापासून त्या म्हणतायत की माझं नाव खोकल्याच्या औषधासारखं आहे. ते मी कधीच मनावर घेतलं नाही. पण परवा जेवताना बाळाच्या नावाचा विषय निघाला आणि मी म्हटलं, मी एक ठरवून ठेवलंय. तर म्हणाल्या, "जिच्या स्वतःच्या नावाला शेंडा ना बुडखा, ती माझ्या नातवंडाचं नाव ठेवणार?" तुझे भावोजी घास चावत राहिले. त्यांचं तुला माहीत आहे. वजनकाट्यावर बसून दिवसभर पावत्या फाडतात, त्यामुळे छापलेलं दिसलं की त्यांना पटतं. शेवटी त्यांनी निवाडा दिला: हिने आपल्या नावाचा अर्थ आणि मूळ छापील आणून दाखवावं, मग नाव हिने ठेवावं. नाहीतर आईने. सासूबाई कबूल झाल्या, कारण त्यांना खात्री आहे की मी दाखवू शकणार नाही.

म्हणून तुला विचारलं. तुमच्याकडची ती सोनेरी कडेची कार्डं असतात, त्यातलं एक माझ्या नावाचं पाठव. बाबांची ओळ घाल. भाषा कुठलीही घाल, बुडालेल्यांची चालेल. शोधत बसू नकोस.

या घरात डबे कुठल्या फळीवर ठेवायचे ते त्या ठरवतात, खिडकी कधी उघडायची ते त्या ठरवतात, मी कुणाशी किती बोलायचं तेही. मी भांडत नाही. पण पोट माझं आहे, ठमे. ही एक गोष्ट मला ठरवायची आहे.

तुझी,
ताई


१९ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून इतका राग आला की दोन वेळा जिना चढले-उतरले. भावोजींचाही आला, माफ कर.

पण कार्ड मी पाठवणार नाही. आधी पूर्ण ऐक, मग चिड. रोज ज्यावरून मालकांशी भांडते तेच आपल्या घरात कसं करू? खोटं कार्ड पुढे करून मिळवलेला हक्क तुझा कसा होईल? उद्या कुणी विचारलं, ही भाषा कुठली, तर तू खाली मान घालून उभी राहशील, आणि मग त्या बाईंना कायमचंच निमित्त मिळेल. तुझ्या नावाला खरा अर्थ असणारच. बाबा वाटेल ते बोलणारे नव्हते. खरं शोधून, पुराव्यासकट तुझ्या हातात देते, मग बघू कोण तोंड उघडतं.

"शोधत बसू नकोस" असं तू माझ्या काळजीने लिहिलंस ते कळलं मला. माझा वेळ जाईल, सुटी जाईल, म्हणून. तू आयुष्यभर हेच केलंस. शाळा सोडून घरात शिवणयंत्र घेऊन बसलीस आणि मला म्हणालीस, मला अभ्यासाचा कंटाळा येतो. तेव्हा ते मला खरं वाटलं होतं. आता फसणार नाही.

इथे माझं मालकांशी पुन्हा वाजलं. एक मास्तर आपल्या मुलीचं कार्ड घेऊन आले आणि नम्रपणे विचारू लागले की हा शब्द नेमका कोणत्या ग्रंथात आहे. मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी सांगितलं, कुठल्याच नाही, आम्हीच बनवला. मास्तर कार्ड टेबलावर ठेवून निघून गेले. मालक ओरडले नाहीत. म्हणाले, "बाई, अर्थ म्हणजे अंगडं असतं. उघड्या बाळाला घालायचं. कापड कुठल्या गिरणीचं ते बाळ विचारत नाही." त्यांना असल्या गोड गोड गोष्टी बऱ्या सुचतात. आता मला कोपऱ्यातल्या टेबलावर पत्ते लिहायला बसवलंय. बसू दे.

येत्या शनिवारी गावी आईकडे जाते. तिला काहीतरी माहीत असणारच.

तुझी,
ठमी


२५ जून

ठमे,

जाऊ नकोस. आईला त्रास देऊ नकोस.

मी तुझ्याकडे अर्थ मागितला होता. शोध मागितला नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तुझ्या कॉलेजात शिकवलं नसेल तर मी सांगते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता कधीही भरती व्हावं लागेल. पोस्टमन दुपारी येतो, एरवी मी दारातच असते म्हणून तुझं पत्र माझ्या हाती पडतं. पुढचं सांगता येत नाही. तेव्हा कार्ड पाठवायचं असेल तर पाठव. नाहीतर मी लिहीपर्यंत काहीही पाठवू नकोस.

ताई


६ जुलै

प्रिय ताई,

तू काही पाठवू नकोस म्हणालीस तरी पाठवते आहे, कारण बाळाचं नाव नोंदवण्याआधी तुला हे कळायला हवं. चार दिवस कोरं पाकीट पर्समध्ये घेऊन फिरले. मग वाटलं, तुझ्याबद्दलचं खरं तुझ्यापासून लपवून ठेवणारी मी कोण?

आई भाजी चिरत होती. विचारलं तर म्हणाली, मोठ्या बंगल्यातल्या बाईंनी ठेवलं. मी म्हटलं, बाबांनी ठेवलं ना? तर म्हणाली, त्यांना कोण ठेवू देतं. मग हळूहळू बोलली. खाणीच्या कंपनीने कामगारांना दिलेल्या खोल्यांमध्ये पोर जन्मलं की ते बंगल्यावर दाखवायला न्यायचं. मोठ्या साहेबांच्या बाई परक्या मुलखातल्या, त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या व्हरांड्यात येऊन बाळाकडे बघायच्या, एक नाव सांगायच्या आणि ते नाव दोऱ्याने विणलेलं ब्लँकेट द्यायच्या, शिवाय दुधाच्या पावडरचा डबा. जो बाप पोर घेऊन जायचा नाही, त्याला मुकादम वर्षभर लांबच्या खाणीवर पाठवायचा. म्हणून सगळे जायचे. मी म्हटलं, पण अर्थ? आई म्हणाली, "त्यांना कोण विचारणार अर्थ? ब्लँकेट घेऊन सलाम करून यायचं." आणि मग माझ्याकडे पाठ करून बसली.

बंगला आता रिकामा आहे. राखणदाराला सांगितलं, इथल्याच पाथरवटाची मुलगी, तर त्याने आत सोडलं. आत काहीच नाही, कबुतरं. पण मागच्या बागेत, चिंचोळ्या वाटेच्या टोकाला, गवतात छोटे छोटे दगड उभे दिसले. मैलाच्या दगडांसारखे, पण गुडघ्याएवढे. मला वाटलं कुठल्या तरी मुलांच्या कबरी. जवळ जाऊन वाचलं आणि, ताई, आपली सगळी आळी तिथे होती. नळाजवळची बोबडी. इंजिनवाल्याचा थोरला. बाबांच्या जोडीदाराचे जुळे, शेजारी शेजारी. प्रत्येक नावाखाली बाईंच्या भाषेत एक ओळ. ती भाषा मी कॉलेजात शिकले, म्हणून अडखळत वाचली. 'इमानी.' 'चपळ पायांची.' 'दहा वर्षं माझ्या उशाशी निजला.'

कुत्र्यांच्या कबरी आहेत त्या. बाई स्वतःच्या कुत्र्यांची नावं आपल्या आळीतल्या पोरांना देत होत्या.

तुझं नाव सगळ्यात शेवटच्या दगडावर. शेवाळ इतकं की आधी तो कोराच वाटला. रुमाल ओला करून घासला, काडीने रेघांमधली माती काढली, तेव्हा कुठे अक्षरं वर आली. दगड बाबांच्याच हातचे आहेत. रेघेच्या टोकाला तो बारीक त्रिकोण, छिन्नी थांबवायची त्यांची खूण, प्रत्येक अक्षराला आहे. बाकीची नावं एवढी खोल की त्यात बोट जातं. तुझं मात्र अगदी उथळ, वरवर ओरखडल्यासारखं. त्यांच्या हाताला न शोभणारं काम. त्या दिवशी हात दुखत असेल किंवा घाई असेल.

तर हे मूळ. बाबांनी सांगितलेली ओळ त्यांनी मनाने बनवलेली होती. मी तिथे गवतात बसून खूप रडले. पण मग वाटलं, यात लाज त्या बाईची आहे, आपली नाही. तू ताठ मानेने सांग सासूबाईंना की माझ्या नावाचा असा इतिहास आहे, आणि म्हणूनच माझ्या बाळाचं नाव मी ठेवणार, दुसऱ्या कुणाला ठेवू देणार नाही. यापेक्षा मोठा हक्क कुणाचा असेल?

तुझी,
ठमी


१५ जुलै

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

कळविण्यास आनंद होतो की तुझ्या ताईस ९ तारखेस पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मुलगी वजनाला बरी आहे. दवाखान्याचा काटा थोडा हलका दाखवतो असं माझं मत आहे.

तुझं पत्र त्याच दिवशी आलं. ती दवाखान्यात असल्यामुळे मी उघडलं. आईने वाचून दाखव म्हटलं म्हणून मोठ्याने वाचलं. माझी मावशी आणि शेजारची मंडळी मुलगी झाल्याचं ऐकून आली होती, त्यांनीही ऐकलं. माहिती चांगली गोळा केली आहेस. शिक्षणाचा हा फायदा असतो. काहींना हसू आलं, पण कुणी वाईट हेतूने हसलं नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नये.

आमचं ठरलं होतं की अर्थ छापील यावा. तुझा छापील नसला तरी सविस्तर आहे, म्हणून तो धरला. त्यावर आईचं म्हणणं पडलं की असं मूळ निघाल्यावर आता तरी नाव मला ठेवू दे. तिला नाही म्हणता आलं नाही. आईने स्वतःचंच नाव ठेवलं आहे. काल नोंद केली.

तुझी ताई थकलेली असल्याने सध्या लिहू शकत नाही.

भावोजी


२ सप्टेंबर

ठमे,

तुझी पत्रं मिळाली. उघडली नाहीत. यापुढे लिहायचं असेल तर पाकिटावरच्या पत्त्यावर लिही. तो शेजारच्या शिंपीणबाईंचा आहे. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्या मला आवडतात.

सासूबाई आता माझं नाव घेत नाहीत. खोकल्याचं औषधही म्हणत नाहीत. चहा हवा असला की जिभेने 'यू यू यू' करतात. मावशी आल्या की त्या दोघी करतात. परवा तुझ्या भावोजींच्याही तोंडून निघालं, मग ते ओशाळले आणि पावत्या लावत बसले. आणि मी दिवसभर सासूबाईंचं नाव घेऊन दुपटी बदलते. त्यांच्या नावाने शी पुसते, त्यांना पाजते, त्यांना ढेकर काढायला खांद्यावर घेते. हसू येतंय ना? मलाही पहिले काही दिवस येत होतं.

आता तुला एकदाच सांगते, मग हा विषय पुन्हा काढू नकोस.

मला माहीत नव्हतं असं तुला वाटलं? मी बाबांचा डबा घेऊन रोज बंगल्यावर जायचे. ती कुत्री तपकिरी होती, एक कान पडलेला. बाई पायरीवर उभी राहून हाक मारायची आणि आम्ही दोघी वळायचो. बाईला याची फार गंमत वाटायची. मागे काम करणाऱ्या बाबांना छिन्नीच्या आवाजात ते ऐकू जायचं नाही. ती मला बिस्कीट द्यायची, कुत्रीला दिलं त्यातलंच. वाईट नव्हती ती. त्या कुत्र्यांवर तिचा जीव होता, तेव्हा तिला वाटत असेल की आपण आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं देतोय. ब्लँकेटही चांगलं होतं, तू त्यातच वाढलीस.

कुत्री मेली तेव्हा बाईने बाबांना कागदावर अक्षरं काढून दिली, ही दगडावर घाल म्हणून. बाबांना ती भाषा येत नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी तो कागद माझ्या ब्लँकेटवरच्या नावाशेजारी ठेवला आणि एकेक अक्षर बोटाने जुळवत गेले. तोवर ते समजत होते की बाई त्यांच्या मुलखातली चांगली चांगली नावं देतात. सगळी अक्षरं जुळली तेव्हा त्यांनी नाव आत जाईल अशी ब्लँकेटची घडी घातली. आई तेव्हा तुझ्या वेळची होती.

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन गेले. माझ्यासमोर कोरलं. मी म्हटलं, बाबा, खोल घाला ना, बाकीच्यांचं केवढं खोल आहे. तर ते म्हणाले, "तुझं मी वरवर घालतोय. चार पावसात जाईल. तोवर कुणाला बोलू नको." मग त्या ओळीचं सांगितलं, उजेडाची. म्हणाले, बाईने दिलं ते नाव, हा अर्थ माझा. मी तोच घेतला. मला तो पुरत होता, ठमे. त्यावर मी लग्न केलं, संसार केला. तुला मात्र त्यांनी बंगल्यावर नेलंच नाही. चारचौघींसारखं नाव घरातच ठेवलं आणि त्यापायी वर्षभर लांबच्या खाणीवर गेले. तू भोकाड पसरायचीस तेव्हा तुझा इतका राग यायचा मला.

उथळ का ते तुला कळलं नाही. हात दुखत असेल म्हणालीस. सगळ्या खाणीत त्यांच्यासारखी छिन्नी कुणाची चालत नव्हती, आणि तू म्हणतेस हाताला न शोभणारं काम. ते त्यांच्या हातचं सगळ्यात चांगलं काम होतं. ते पुसलं जात होतं. शेवाळाने भरत आलं होतं. तू रुमाल ओला करून ते परत वर काढलंस, वाचलंस, आणि टपालाने माझ्या सासरी पाठवलंस.

मी एक कार्ड मागितलं होतं.

कुणी नसलं की मी बाळाला मी ठरवलेल्या नावाने हाक मारते. ती बघते. ते नाव तुला सांगणार नाही. तू अर्थ शोधशील.

ताई


२१ सप्टेंबर

प्रिय ताई,

हे शिंपीणबाईंच्या पत्त्यावर.

माफी मागत नाही. पहिल्या चार पत्रांत मागून झाली आहे आणि ती तू उघडलेली नाहीस, ते बरंच केलंस. त्यांतही मी मुख्यतः माझंच लिहिलं होतं.

सोमवारी मालकांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, एक नाव आहे, त्याला अर्थ लिहायचाय, मीच लिहिते. त्यांनी चष्मा वर केला. विचारलं, मूळ कुठलं? मी लिहून नेलं होतं: 'एका पाथरवटाने आपल्या थोरल्या मुलीसाठी.' त्यांनी वाचलं, पेन्सिल घेतली, 'पाथरवट' खोडून 'राजा' केलं आणि माझ्याकडे बघितलं. मी पूर्वीची असते तर तिथेच राजीनामा दिला असता. मी म्हटलं, असू दे. तुझी सासू पाथरवटाला मानणार नाही, राजाला मानेल. ओळ मात्र बाबांचीच ठेवली. तिला मी हात लावू दिला नाही. मालक म्हणाले, "हे अंगडं कुठल्या बाळाला?" मी म्हटलं, मोठ्या. त्यांनी सोनेरी कड नेहमीपेक्षा रुंद लावली आणि मला पुन्हा खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. आता दिवसाला बरेच अर्थ लिहिते. हात बसलाय.

कार्ड तुझ्या नावाने पाठवलं नाही. सासूबाईंच्या नावाने पाठवलं, म्हणजे ते भावोजीच उघडतील आणि मोठ्याने वाचतील. मावशी असतील तर उत्तम.

बरोबर भावोजींना वेगळं पत्र घातलंय. त्यात लिहिलंय की जुलैतल्या पत्रात माझ्याकडून मोठी चूक झाली. शेवाळ फार होतं, अर्धवट दिसणारी अक्षरं मी घाईने ताईच्या नावाची म्हणून वाचली. शिकलेल्या माणसाला जिथे तिथे काहीतरी सापडल्यासारखं वाटतं, तसं झालं. ऑफिसातल्या जाणकारांकडून खरं मूळ तपासून घेतलं, ते सोबतच्या कार्डावर छापलं आहे. नोंदणीतलं नाव बदलायला वर्षाची मुदत असते, हेही लिहिलंय, आणि त्यांनी दिलेला शब्द छापील कार्डाचाच होता याची आठवण करून दिली आहे. ते शब्द पाळतील की नाही, मला माहीत नाही. तुझी सासू 'यू यू' करायची थांबेल की नाही, तेही माहीत नाही. एकदा ऐकलेलं लोक विसरत नाहीत. पण आता त्यांच्या घरात दोन कागद असतील आणि त्यातला एकच छापील असेल.

खाली मी ठणकावून लिहिलंय की माझ्यावर विश्वास नसेल तर स्वतः जाऊन बघा. बंगल्याचा पत्ता दिलाय. राखणदार आत सोडतो, माझं नाव सांगा, हेही लिहिलंय. आयुष्यात मी इतकं खोटं एका पानावर कधी लिहिलं नव्हतं आणि अक्षर कधी इतकं चांगलं आलं नव्हतं.

ते पत्र पेटीत टाकायच्या आधी, गेल्या रविवारी, आईकडे जाऊन आले. बाबांची पेटी पलंगाखाली तशीच आहे. रुंद पात्याची छिन्नी आणि लहान हातोडी काढून घेतली. आईने कशाला म्हणून विचारलं नाही, फक्त हातरुमाल पुढे केला, तळहाताला गुंडाळ म्हणाली. राखणदाराला मी सांगितलं की वडिलांचं थोडं काम राहून गेलंय.

मला वाटलं होतं सोपं जाईल, इतकं उथळ आहे. पण दगड कडक, आणि माझे हात आयुष्यभर पेन धरलेले. छिन्नी दोनदा घसरली. बोटं सोलली. बाबांचे ते त्रिकोण सगळ्यात शेवटी गेले, कारण त्यांवर घाव घालायला हात उचलेना. जुळ्यांच्या आणि बोबडीच्या दगडांना हात लावला नाही. त्यांची नावं खोल आहेत, आणि ती पुसायची की नाहीत हे मी कोण ठरवणार? तेवढं आता मला कळतं. धूळ फुंकली, वर ओली माती चोपडली.

भावोजी येऊन बघू देत. दगड कोरा आहे.

तुझी,
ठमी